घरच्या रगाड्यात चरख्यापाशी बसणे: सुताविषयी आणि वेळेविषयी एक प्रश्न

प्रश्न: ओसरी (वर्धा जिल्हा)

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. घरची सात एकर कोरडवाहू शेती आहे आणि तिच्यात कापूस, तूर व थोडे सोयाबीन असते. घरात नवरा, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई आहेत. सासूबाईंना चार वर्षांपासून विस्मृतीचा आजार आहे. सकाळी त्या बऱ्या असतात, परंतु दुपार कलली की त्यांची घालमेल सुरू होते. त्या पदर खोचून दाराशी येऊन उभ्या राहतात आणि "मले माह्या घरी नेऊन दे" असे पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. ज्या घरात त्यांनी पंचावन्न वर्षे काढली तेच घर त्या वेळी त्यांना परके वाटते, आणि समजावून सांगण्याचा जितका प्रयत्न करावा तितकी त्यांची भीती वाढत जाते.

मागच्या वर्षी माहेरच्या घराचे जुने छप्पर उतरवताना माळ्यावर माझ्या आजोबांचा पेटी चरखा (मिटून पेटी होणारा चरखा) सापडला. लहानपणी आजोबांना त्यावर कातताना मी पाहिले होते. अंगातल्या बंडीपुरते सूत ते स्वतः कातत असत. चरखा घासूनपुसून मी सासरी आणला आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका जाणत्या बाईंकडे चार-पाच रविवार जाऊन हात बसवून घेतला. आता रोज दुपारी, जेवणे आटोपल्यावर आणि मुले शाळेतून येण्यापूर्वी, मी ओसरीवर तासभर कातते. खरे सांगायचे तर दिवसभरात तेवढ्या एका तासातच माझा श्वास मला ऐकू येतो. बाजारात कापसाला काय भाव मिळेल, सोसायटीचे कर्ज कसे फिटेल, मुलीच्या गणिताचे काय होईल, हे सगळे तेव्हाही डोक्यात असते, परंतु ते एकमेकांना ढकलत नाही.

याहून मोठी गोष्ट सासूबाईंच्या बाबतीत घडली. एका दुपारी त्या नेहमीप्रमाणे दाराशी गेल्या, चाकाची घरघर ऐकून मागे वळल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या. मग माझे मनगट धरून त्या म्हणाल्या, "सूत ओढू नोको, येऊ दे त्याले." तरुणपणी त्या कातत असत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांना माझे नाव आठवत नाही, पण हाताची ती ओढ त्यांच्या लक्षात आहे.

माझे प्रश्न आता मांडते. पहिला असा की गेला महिनाभर सूत फार तुटते आहे. हिवाळ्यात एवढे तुटत नव्हते. तुटले नाही तर मध्येच जाड गाठ येते. तासाला शंभर तारही (तार म्हणजे सुताच्या लांबीचे माप) होत नाहीत. दुसरा प्रश्न पेळूंचा, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या सुरळ्यांचा, आहे. पेळू मला बाहेरून आणावे लागतात, आणि घरात कापूस असताना विकतचे पेळू आणणे मनाला पटत नाही. घरच्या कापसाचे सूत होईल का, आणि त्यासाठी काय करावे? तिसरा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. आमच्या आतेसासूबाई आल्या होत्या, त्यांनी मला चरख्यापाशी पाहिले आणि "काहून करतं वो हे रिकामे धंदे?" असे विचारले. भांडी घासायची पडली होती हे खरेच होते. तेव्हापासून बसले तरी मन अर्धे मोरीकडे असते. तुमच्यापैकी जे कोणी कातण्याचे, विणण्याचे किंवा शिवण्याचे काम स्वतःसाठी करतात ते घराच्या रगाड्यात त्याला जागा कशी देतात?

प्रतिसाद: टकळी (सेलू तालुका)

ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे आणि लहानपणी टकळीवर, म्हणजे हाताने फिरवून कातायच्या छोट्या साधनावर, कातायला शिकलेल्या पिढीतला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नयी तालीमची योजना पुढे आली. तिच्यात हस्तउद्योग हा शिक्षणाचा गाभा मानलेला होता. आमच्या शाळेत तो गाभा पितळी चकतीच्या टकळीच्या रूपाने पोहोचला होता. फार बोलणाऱ्याला "याची टकळी चालूच आहे" असे आपण म्हणतो, पण आमच्या वर्गात टकळ्या चालू झाल्या की मुले गप्प होत असत, हे मला आजही स्पष्ट आठवते.

प्रथम तुटण्याविषयी लिहितो. कापसाच्या तंतूत थोडा ओलावा असला की तो बळकट असतो आणि कोरडा पडला की ठिसूळ होतो. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी दोनच्या हवेत दमटपणा जवळपास नसतोच. तुम्ही नेमक्या त्याच वेळेला बसता. जमल्यास पहाटे किंवा सकाळी काता. दुपारच बरी पडत असेल तर ओसरीच्या तोंडाशी ओले गोणपाट टांगा आणि पेळू उघड्या टोपल्यात न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवा. पेळू मात्र कधीही ओले करू नका, कारण मग तंतू एकमेकांना चिकटून गोळा येतो.

गाठीचे कारण निराळे आहे. डावा हात मागे जाण्याचा वेग आणि चाकाचा वेग यांचे जमले नाही की पीळ एका ठिकाणी आधी बसतो, आणि पीळ बसलेल्या जागेतून तंतू सरकत नाहीत. मग तुम्ही हाताला जोर देता, आणि जिथे पीळ कमी असतो तिथे सूत तुटते. तुमच्या सासूबाईंनी जे सांगितले ते याहून अचूक शब्दांत मला सांगता आले नसते. पेळू चिमटीत दाबून धरू नका. तो पक्ष्याचे पिल्लू धरल्यासारखा धरा. तार पुरता लांबला की चाकाला दोन-तीन फेरे जास्त द्या, मग चाक किंचित उलटे फिरवून चातीच्या (सुताला पीळ देणाऱ्या सळईच्या) टोकावरचे वेढे सोडवा आणि नंतर सूत कुकडीवर (चातीवरच्या सुताच्या गुंडाळीवर) गुंडाळा. पीळ तपासायचा असेल तर वीतभर सूत मध्ये दुमडून सैल सोडा. ते हलकेच एकमेकांभोवती वळले तर पीळ योग्य आहे. गुंता होऊन आखडले तर जास्त झाला आहे.

आता मोजमापाचे सांगतो, कारण त्याने हुरूप येतो. जुन्या हिशोबात चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी आणि चार लट्या म्हणजे ६४० तारांची एक गुंडी होत असे. आजोबांच्या पेटीत फाळका (सूत गुंडाळून मोजण्याची चौकट) असेल तर त्याचा घेर मोजून पाहा. चार फूट भरला तर एक वेढा म्हणजे एक तार. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, अशा जितक्या गुंड्या बसतात तो त्या सुताचा नंबर समजावा. गुंडी २३ ग्रॅमच्या आसपास भरली तर तुमचे सूत २० नंबरचे आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ते उत्तम आहे. आज खादीच्या व्यवहारात १००० मीटरची गुंडी धरतात, तेव्हा कोणाशी बोलताना कोणती गुंडी हे आधी विचारून घ्या. एखादा दिवस काढून वर्ध्याचे मगन संग्रहालयही पाहून या. ते १९३८ पासून आहे आणि निरनिराळ्या घडणीचे चरखे तिथे शेजारी शेजारी पाहायला मिळतात. आपल्या चरख्याचा कोणता भाग कशासाठी आहे हे तिथे पटकन उमगते.

तिसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत ठाम आहे. वेळ ठरवून घ्या आणि ती मोडू नका. माझी पत्नी गेल्यानंतर पहिले सहा महिने मी घरात नुसता फिरत असे. नंतर पहाटे पाच वाजता एक लटी कातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही असा नियम मी केला, आणि त्या नियमाने मला दिवसाला सुरुवात मिळाली. विनोबांनी कातणे हे उपासनेसारखे केले. त्याला सूत्रयज्ञ म्हणत असत, आणि यज्ञाला वेळ ठरलेली असते. ठरलेल्या वेळेला घरचे लोकही हळूहळू मान देतात.

प्रतिसाद: पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस विचार करत होते. गुरुजींचे सुताविषयीचे सगळे म्हणणे मला मान्य आहे, पण वेळेविषयीचे मान्य नाही, आणि त्याकडे मी शेवटी येते. आधी कापसाचे बोलू.

घरच्या कापसाचे सूत नक्की होते; आपल्या आज्या-पणज्या दुसरे काय करत होत्या? परंतु कापूस निवडावा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीचा, ऊन वर आल्यानंतर दव वाळल्यावर वेचलेला, पानाचा कचरा नसलेला कापूस बाजूला काढून ठेवा. शेवटच्या वेचणीची कवडी (नीट न फुललेला कापूस) आणि फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या पिकाचा) कापूस कातायला घेऊ नका. त्याचा तंतू कच्चा असतो आणि त्यावर डाग असतात. कापूस दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा. घरात महिनोन्महिने कापूस साठला की अंगाला कशी खाज सुटते हे तुम्हाला सांगायला नको. तसा कापूस तर सासूबाईंच्या जवळपासही आणू नका.

सरकी (कापसातले बी) काढण्यासाठी यंत्र लागत नाही. लाकडी पाटावर कापसाची चिमूट ठेवून तिच्यावरून लोखंडी सळई दाबत पुढे लाटली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. आता आपण जो बीटी कापूस लावतो त्याच्या सरकीला बारीक लव असते, त्यामुळे तो सहज सुटत नाही. आमच्याकडे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) दहा-बारा झाडे देशी कापसाची आहेत. त्याचा तंतू आखूड असल्याने फार बारीक सूत होत नाही, पण १० ते १५ नंबरचे होते आणि हाताला ते आवडते. सरकी निघाल्यावर पिंजायला धनुकली नसेल तर बोटांनी रुई विंचरत, तंतू एका दिशेने उकलत न्या; याला तुनाई म्हणतात. वेळ फार लागतो, पण एक पेळू असा केला की बाकीचे का तुटतात ते कळते. काही जणी तर सरकीवरूनच, ती न काढता, थेट सूत ओढतात. गंमत म्हणून तेही करून पाहा.

मी एकदा हिशोब केला होता. तीन किलो कापसातून साधारण एक किलो रुई निघते. तेवढा कापूस चांगल्या शेतात बाईमाणूस तासाभरात वेचते. गुरुजींच्या मापाने २० नंबरचे सूत कातले तर त्या एक किलो रुईच्या चव्वेचाळीस गुंड्या होतात, आणि तासाला शंभर तार या वेगाने त्या कातायला सुमारे २८० तास लागतात. एका तासाच्या वेचणीला एवढी कताई! हा हिशोब नवऱ्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आपण कापूस किती घाईने घराबाहेर काढतो." व्यापाऱ्याच्या काट्यावर क्विंटलात मोजलेला तोच कापूस दुपारी माझ्या चिमटीत तंतू-तंतूने जातो, तेव्हा त्याच्याशी माझे भांडण राहत नाही. ज्या वर्षी बोंडअळीने निम्मे पीक गेले त्या वर्षी मी सगळ्यात जास्त कातले होते.

आता वेळेविषयी. गुरुजींना मी आदराने सांगते की पहाटे पाचचा नियम पुरुषाला आणि एकट्या माणसाला जमतो. आमच्या घरी पहाटे पाचला चूल, गाय, पाणी आणि शाळेचा डबा एकाच वेळी असतात. दसऱ्यापासून पुढे वेचणी सुरू झाली की बोंडांच्या टोकांनी बोटे इतकी टोचलेली असतात की सूत हातात धरवत नाही. त्या तीन-चार महिन्यांत माझा चरखा कापड टाकून बाजूला असतो आणि मी त्याचे दुःख करत नाही. मला कातणे आवडते ते ते अर्धवट टाकून उठता येते म्हणून. पोळी तव्यावर असताना उठता येत नाही, दूध उतू जात असताना उठता येत नाही, पण चरख्यावरून मधल्या तारावर उठता येते; मूल हाक मारते, आपण जातो, परत येतो आणि सूत जिथे सोडले तिथेच असते. तुटलेल्या टोकाला पेळूचे टोक लावून दोन फेरे दिले की ते पुन्हा एक होते आणि जोड दिसतही नाही. एवढा क्षमाशील धंदा घरात दुसरा नाही. त्याला नियम लावलात तर एक दिवस चुकला म्हणून वाईट वाटून घ्यायला आणखी एक कारण होईल, आणि अशी कारणे आपल्याकडे आधीच पुष्कळ असतात.

आतेसासूबाईंना एक विचारा. चातुर्मासात बायका लाखवात करतात तेव्हा त्यांना कोणी रिकामे धंदे म्हणत नाही. गौरीच्या वेळी कापसाची वस्त्रे, माळा, रोजची फुलवात, हे सगळे ओसरीवर बसून, गप्पा मारत, हाताने कापूस वळूनच होते. माझी आई लाखवात करताना शंभर-शंभर वातींच्या जुड्या बांधत असे, आणि तिच्या तोंडावर तेव्हा जी शांतता असे ती मी देवळातही पाहिली नाही. देवाच्या नावाने हात गुंतवून बसणे आपल्याला चालते. स्वतःच्या नावाने बसले की ते रिकामे ठरते. तुम्ही तो एक तास देवाला वाहा असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की ही सवय घरात नवी नाही, आतेसासूबाईंच्या हातांनाही ती ठाऊक आहे.

प्रतिसाद: ऐन (गडचिरोली जिल्हा)

वरची चर्चा मनापासून आवडली. मी आरमोरी भागातला आहे. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे, आणि सुताचा विचार आला की कोसा, म्हणजे टसर रेशीम, आठवतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात. पतंग बाहेर पडण्यापूर्वी उकळलेल्या कोशातून सलग धागा निघतो. पतंग बाहेर पडून भोक पडलेल्या कोशातून तो निघत नाही, त्याचे तंतू कातून सूत करावे लागते. पूर्वी बायका मांडीवर घासून धागा काढत असत. दिवसभर ते काम केले की मांडीची कातडी सोलवटून निघते. माझ्या आजीच्या मांडीवर त्याचा काळा पट्टा कायमचा होता.

हे मुद्दाम सांगतो आहे. हातकामातून समाधान मिळते हे खरे आहे, परंतु ज्या बाईला संध्याकाळी मोजून धागा द्यायचा असतो आणि त्यावर घरचे मीठ-मिरची चालते तिच्यासाठी तेच काम निराळे असते. गेल्या वर्षी माझ्या बहिणीने गोधड्या शिवायला घेतल्या. पहिल्या दोन तिने भाच्यांसाठी शिवल्या आणि ती आनंदात होती. मग कोणीतरी सांगितले की शहरात यांना चांगली किंमत येते. तिने मागणी घेतली, तारखा ठरल्या, आणि दोन महिन्यांत तिला सुई पाहिली की डोके दुखू लागले. पैसे मिळाले हे चांगलेच झाले आणि त्यांची गरजही होती. मात्र ती आता स्वतःसाठी काही शिवत नाही. म्हणून ओसरीताईंना एक सुचवावेसे वाटते: सूत विकण्याची वेळ आली तर जरूर विका, पण थोडे सूत असे ठेवा ज्याची वाट कोणी पाहत नाही.

माझी आई मात्र दिवसभराची रोवणी करून आली तरी रात्री जुन्या लुगड्यांचे थर लावून वाकळ शिवायला बसे. आम्हाला वाटायचे की ती थकत कशी नाही. एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली की दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत धान लावते, हे टाके माझे आहेत. ती वाकळ माझ्याकडे आहे. टाके वाकडे आहेत, कारण दिव्याचा उजेड कमी होता.

प्रतिसाद: परिचारिका (अमरावती जिल्हा)

थोडक्यात दोन सूचना करते. विस्मृतीच्या रुग्णांसोबत मी काम केले आहे. चातीचे टोक अणकुचीदार असते; तुम्ही उठून जाल तेव्हा पेटी बंद करून जा आणि सासूबाईंना चरख्याशी एकटे सोडू नका. कापसाचे बोळे तोंडात घातले जात नाहीत ना यावरही लक्ष असू द्या. त्यांना दम्याचा त्रास असेल तर पिंजण्याचे काम त्यांच्यापासून दूर, अंगणात, नाकाला रुमाल बांधून करा. त्यांच्या हाताला काम द्यायचे असेल तर साफ केलेली थोडी रुई आणि एक ताट द्या आणि वाती वळायला सांगा. वात वाकडी झाली तरी ती सुधारू नका. त्यांना "हेच तुमचे घर आहे" असे पटवत बसण्यापेक्षा त्यांच्या घराविषयी त्यांनाच विचारा. घर कसे होते, अंगणात काय होते, कोण कोण होते. आणि तुम्ही स्वतः भिंतीला पाठ टेकून, उशी घेऊन बसा. वाकून कातणाऱ्यांची मान आणि खांदे वर्षभरात कुरकुरू लागतात.

पुन्हा ओसरी (वर्धा जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर देता आले नाही, कारण मृगाचा पाऊस पडला आणि पेरणीची धांदल सुरू झाली. महिन्याभरात जे झाले ते लिहिते.

गुरुजी, ओल्या गोणपाटाचा उपाय लागू पडला. पाऊस आल्यापासून तर तुटणे निम्म्यावर आले आहे. पेटीत फाळका होता आणि त्याचा घेर बरोबर चार फूट भरला. आजोबांनी त्याच्या दांड्यावर शाईने आकडे लिहून ठेवले आहेत, ते मला आता कुठे कळले. पहिली पूर्ण गुंडी गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली. ती ३२ ग्रॅम भरली, म्हणजे सूत १४ नंबरचे झाले. दुकानदाराने पुडीचा कागद काढून ठेवला होता, त्याला वाटले काहीतरी विकत घ्यायचे आहे.

पऱ्हाटीताई, पहाटे पाचचा नियम माझ्याही घरी जमणार नाही हे तुम्ही ओळखलेत, पण गुरुजींचे म्हणणे मी पूर्ण सोडलेले नाही. सासूबाईंना ठरलेली वेळ लागते, मला लागत नाही. त्यांची घालमेल चारच्या सुमारास सुरू होते, म्हणून मी आता साडेतीनला पेटी उघडते, मग माझे पाच तार होवोत की पन्नास. मध्ये उठावे लागले तर पेटी बंद करून उठते. काही दिवस त्या तरीही दाराशी जातात, आणि एकदा तर गावाच्या नाल्यापर्यंत गेल्या होत्या; चरख्याने त्यांचा आजार बरा होत नाही हे मला माहीत आहे. परंतु आठवड्यातले चार दिवस तरी त्या माझ्या शेजारी ताट घेऊन बसतात आणि वाती वळतात. परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांना त्यांच्या घराविषयी विचारले. त्यांनी सांगितले की त्यांच्या माहेरी पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करत असत, दहीभाताचा नैवेद्य ठेवून मगच कापसाला हात लावत असत, आणि त्यातला पहिला ओंजळभर कापूस त्यांची आई घरी वातींसाठी ठेवत असे. हे सगळे त्या एका दमात बोलल्या. माझी मुलगी दारात दप्तर घेऊन उभी राहून ऐकत होती, तिने आजीला एवढे बोलताना प्रथमच पाहिले.

आतेसासूबाई पुन्हा आल्या होत्या. मी लाखवातीचे काही बोलले नाही, बोलण्याची हिंमत झाली नाही. त्यांनी ताटातल्या वाती पाहिल्या आणि विचारले की या कोणी वळल्या. सासूबाईंनी वळल्या असे मी सांगितल्यावर आतेसासूबाई खाली बसल्या आणि थोडी रुई घेऊन स्वतःही वळू लागल्या. भांडी त्या दिवशीही मोरीत होती. नंतर आम्ही दोघींनी मिळून ती घासली.

ऐनदादा, तुमच्या आईच्या वाकळीविषयी वाचून मी सूत विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. तीन गुंड्या झाल्या आहेत. आणखी तीन-चार झाल्या की एका विणकराकडून नवऱ्यासाठी एक पंचा विणून घेण्याचा विचार आहे. त्याने स्वतः मागितला आहे. आपल्याच शेतातल्या कापसाचा पंचा हवा असे तो म्हणाला, म्हणून यंदा पहिल्या वेचणीतला पाच किलो कापूस गाडीत न भरता बाजूला काढायचे ठरले आहे, आणि धुऱ्यावर देशी कापसाचे बी टोबले आहे. पऱ्हाटीताईंनी सांगितलेली तुनाई मी विकतच्या पेळूवर करून पाहिली. पेळू उकलून पुन्हा केला तेव्हा त्यात किती गाठी होत्या ते दिसले.

एक नवी अडचण आहे. चरख्याच्या मोठ्या आणि लहान चाकांना जोडणारी माळ जुनी होती आणि ती काल तुटली. बाजारातला नायलॉनचा दोरा लावून पाहिला, पण तो घसरतो आणि चाती थांबून थांबून फिरते. माझ्याच सुताचे पदर घालून माळ वळता येईल का? किती पदर घ्यावेत, पीळ उलटा द्यावा की सुलटा, आणि दोन टोके गाठ न येता कशी जोडावीत, हे कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील. साडेतीनला सासूबाई ओसरीवर येऊन बसतात आणि बंद पेटीकडे पाहतात.